'नार' म्हणजे गाव: मोगलाईतल्या शाळा, पाद्री आणि किनवटचं पोर

सप्टेंबर २०२५ पासून मराठवाड्यात पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यालाही 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द पाठ झाला आहे. निजामाच्या काळातलं, जाती-जमातींच्या नोंदी असलेलं ते सरकारी दप्तर. २ सप्टेंबरच्या शासन निर्णयाने मराठा-कुणबी नोंदींसाठी त्याचा आधार घेतला. लगेच बंजारा समाजाने त्याच गॅझेटवर बोट ठेवून अनुसूचित जमातीत जागा मागितली, आणि त्या मागणीला विरोध करणारे आदिवासींचे मोर्चे निघाले. त्या धामधुमीत आमच्या भावकीच्या ग्रुपवर दोन मजकूर येऊन पडले. एक म्हणत होता, 'आदिवासी शिकले ते पाद्र्यांमुळे.' दुसरा म्हणत होता, 'पाद्र्यांनी शाळेच्या आडून आदिवासी बाटवले.' दोन्ही पाठवणारे माझे चुलत भाऊच.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर दोघेही चुकले आहेत, आणि चूक एकच आहे: पाद्री आणि आदिवासी इथे एका गावात राहत होते, असं दोघांनीही धरून चाललं आहे.

आधी नकाशा

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नगर-सोलापूरकडची माणसं आमच्या भागाला 'मोगलाई' म्हणायची ती यामुळेच. त्या मोगलाईत मराठी बोलणारे जिल्हे पाच: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. जालना, लातूर आणि हिंगोली नंतर निघाले.

आदिवासी वस्ती मुख्यतः तीन पट्ट्यांत आहे. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड, कोलाम, परधान आणि आंध. हिंगोलीकडे कळमनुरी-औंढ्याच्या बाजूला आंध. आणि अजिंठ्याच्या रांगेत कन्नड-सोयगावकडे भिल्ल. यांतले आंध घरात मराठीच बोलतात. गोंडी आणि कोलामी या मात्र द्राविडी भाषा, म्हणजे मराठीपेक्षा तेलुगूला जवळच्या. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आणखी एक: किनवट तालुका १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात नव्हताच, तो आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो तिकडून सुटून मराठवाड्याला जोडला गेला. त्यामुळे किनवटच्या आदिवासींचा जुना इतिहास शोधायला नांदेडची कागदपत्रं उलगडून फारसं हाती लागत नाही, आदिलाबादकडे पाहावं लागतं.

पाद्री कुठून आले आणि कुठे थांबले

मिशनरी म्हणजे धर्मप्रसारासाठी चर्चने किंवा एखाद्या मंडळाने पाठवलेला माणूस. इथे आपण त्याला पाद्री म्हणू, गावात तोच शब्द चालतो.

पाद्र्यांना शाळेची एवढी ओढ का? प्रोटेस्टंट पंथात माणसाने बायबल स्वतः वाचावं असा आग्रह असतो. वाचायचं तर अक्षर हवं, अक्षरासाठी शाळा हवी. म्हणून त्यांच्याकडे चर्चबरोबर शाळाही आलीच. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केलं, तेही याच रीतीने. नगरहून गोदावरी ओलांडली की वैजापूर-गंगापूर लागतं, म्हणजे मोगलाई.

पण नदी ओलांडणं आणि हद्द ओलांडणं यांत फरक होता. इंग्रजी मुलखात १८५४ नंतर खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळायचं, पाद्र्यांच्या शाळांनाही. निजामाच्या मुलखात इंग्रजांचा तो नियम लागू नव्हता. मग पाद्र्याने टेकू कुठे शोधायचा? जिथे इंग्रजी फौज होती तिथे. औरंगाबादला छावणी होती, जालन्यालाही होती. पाद्र्यांची ठाणी नेमकी याच दोन गावांत बसली, हा योगायोग नाही. औरंगाबादला चर्च मिशनरी सोसायटीचं काम रतनजी नवरोजी या पारशी धर्मांतरिताने दीर्घकाळ सांभाळलं.

जालन्याची गोष्ट मला जास्त रंजक वाटते. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकताना १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता. तोही पाद्र्यांकडे राहिला म्हणून वडील कोर्टात गेले आणि मुलगा परत मिळवला. 'या पोराला पुन्हा जातीत घ्यायचं की नाही' यावर मग मुंबई-पुण्यात रण माजलं. बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणणाऱ्यांत होते. थोरले नारायण पुढे जालन्याला आले, निजामाचा दिवाण सालारजंग याच्या राजवटीत जमीन मिळवली आणि गावाजवळ 'बेथेल' नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. त्यांच्याकडे आलेली माणसं बहुतांश मांग आणि महार समाजातली. ज्यांना गावच्या शाळेच्या ओट्यावर पाय ठेवता येत नव्हता, ती.

म्हणजे मराठवाड्यातल्या पाद्र्यांच्या शाळांचा इतिहास हा मुख्यतः गावकुसाबाहेरच्या दलित वस्त्यांचा इतिहास आहे. किनवटच्या जंगलातलं गोंडांचं गाव किंवा कोलामांचं पोड, म्हणजे त्यांची वस्ती, त्यात जवळपास येतच नाही. रेल्वेसुद्धा १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी सपाटीने हैदराबादकडे निघून गेली. डोंगरात हिवताप, वाट नाही आणि भाषा वेगळी.

गोंडांकडे कोणी पाद्री गेलेच नाहीत, असं नाही. नागपूरला स्टीफन हिस्लॉप होते. त्यांनी गोंडांची गाणी नि कथा टिपून ठेवल्या, आणि १८६३ मध्ये ते बुडून वारल्यावर ते टिपण छापलं गेलं. मध्य प्रदेशातल्या मंडल्याला व्हेरिअर एल्विन पाद्री म्हणून आले, पुढे चर्च सोडलं आणि शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्याबरोबर गोंडांसाठी शाळा नि दवाखाने चालवले. पण ही सगळी गोदावरी-पैनगंगेपलीकडची गोष्ट.

मग डोंगरात शाळा कोणी नेली?

बंडाने. म्हणजे बंडाच्या धसक्याने.

आदिलाबादच्या जंगलात गोंडांची कसती जमीन राखीव वनात जात होती आणि उरलेली बाहेरून आलेल्यांच्या नावावर चढत होती. कुमरम भीम या गोंड पुढाऱ्याने त्याविरुद्ध माणसं उभी केली. १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. बंड मोडलं, पण हैदराबादच्या दरबाराला प्रश्न पडला की हे लोक एवढे का पेटले? ते शोधायला त्यांनी क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवलं. तो पाद्री नव्हता. मारलावाई नावाच्या गोंड गावात तो बायकोसह राहिला.

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं: जमिनीचा कागद वाचता येत नाही म्हणून हे लोक लुटले जातात. १९४३ मध्ये मारलावाईला गोंड शिक्षण योजना सुरू झाली. शिक्षक गोंडच हवेत असं ठरलं, आणि थोडंफार लिहू-वाचू शकणारे तरुण गोळा करून त्यांना तयार केलं गेलं. पहिली पुस्तकं गोंडी भाषेत निघाली. लिपी? देवनागरी, कारण त्या भागात बाजारहाटाची भाषा मराठी होती आणि ज्यांना अक्षरं येत होती त्यांना तीच येत होती.

ज्या जिल्ह्यात तेव्हा किनवट होतं त्या जिल्ह्यात, आपल्याच बाळबोध अक्षरांत, गोंड पोरांसाठी गोंडी पुस्तक १९४३ मध्ये निघालं होतं. मला हे कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, आणि मी नांदेडचा आहे.

मुलाच्या भाषेत शिकणं म्हणजे नेमकं काय?

माझा एक मित्र डोंगरातल्या एका शाळेवर गुरुजी आहे. पहिलीच्या वर्गात त्याने फळ्यावर 'नार' लिहून विचारलं, काय वाचलं? पोराने बरोबर वाचलं, 'नार'. अर्थ? पोर म्हणालं, गाव. गुरुजींना वाटलं याला काही येत नाही. गोंडीत 'नार' म्हणजे खरंच गाव. 'रोन' म्हणजे घर. आणि 'येर' म्हणजे पाणी. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला 'येर' म्हणजे 'इतर' हे ठाऊक असतं, पण तहान लागलेल्या गोंड पोराला त्याचा काय उपयोग?

वाचायला शिकणं ही दोन कामं आहेत. एक, खुणेवरून आवाज ओळखणं. दोन, आवाजावरून अर्थ ओळखणं. मराठी घरातलं पोर शाळेत येतं तेव्हा दुसरं काम त्याने आईच्या मांडीवर पुरं केलेलं असतं, शाळेत पहिलं तेवढं शिकायचं. गोंड किंवा कोलाम पोराला दोन्ही एकदम शिकायची असतात, तेही तेवढ्याच महिन्यांत. मग ते गप्प बसतं. गप्प पोर वरच्या वर्गात जातं, कारण ते त्रास देत नाही. आणि एक दिवस येत नाहीसं होतं.

विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला भोपळा बांधतात. भोपळा पोहत नाही, पोरगंच पोहतं, पण नाकातोंडात पाणी जाऊ न देता हातपाय मारायला सवड मिळते. मातृभाषा पहिल्या वर्गांत तेच काम करते. (उपमा थोडी लंगडी आहे, कारण पोहता आल्यावर भोपळा सोडून देतात आणि भाषा सोडायची नसते. तरी राहू द्या.)

हे आपल्याला कळायला हवं होतं

कारण आपल्यावर हेच बेतलं होतं. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून कारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. आमचे आजोबा 'तहतानिया, वस्तानिया, फोकानिया' असं मोजायचे, म्हणजे प्राथमिक, माध्यमिक, हायस्कूल. खाली मराठी चालायची, पण जसं वर चढावं तशी उर्दू. शेतकऱ्याचं पोर तिथेच गळायचं. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा किंवा अंबाजोगाईची योगेश्वरी ही नावं मराठवाड्यात आदराने घेतात. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिक्षक होते.

दर १७ सप्टेंबरला झेंड्याखाली उभं राहून आपण सांगतो की आमच्या पोरांना परक्या भाषेत शिकावं लागलं. बरोबर आहे. पण किनवटच्या कोलाम पोराच्या जागेवरून पाहिलं तर १९५६ नंतर काय बदललं? पाटीवरची परकी भाषा बदलली. पलीकडे आदिलाबादेत तेलुगू आली, अलीकडे मराठी. गोंडी पुस्तकं दोन्हीकडून गेली. उर्दूने आपलं जे केलं ते मराठीने त्यांचं केलं. जुलूम करायचा म्हणून कोणी केलं नाही, आपली भाषा म्हणजे सगळ्यांची भाषा असं आपण गृहीत धरलं. निजामाच्या अधिकाऱ्यांनाही बहुधा तसंच वाटत असावं.

'पण पाद्र्यांचा हेतू धर्मांतराचाच होता ना?'

होता, आणि त्यांनी तो लपवला नव्हता. मंडळांना पाठवलेल्या अहवालांत बाप्तिस्म्यांची मोजदाद असायची. पण शाळा काढणाऱ्याचा हेतू आणि शाळेत शिकणाऱ्याने केलेला उपयोग या दोन गोष्टी वेगळ्या. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि ख्रिस्ती झाले नाहीत. नारायण शेषाद्री मुंबईत त्याच मिशनच्या शाळेत शिकले आणि झाले.

जालना-वैजापूरकडच्या वस्त्यांत ज्यांनी धर्म बदलला त्यांना फसवलं गेलं, असं म्हणताना आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा: त्या काळात दुसरी कोणती शाळा त्यांना आत घेत होती? मराठवाड्याच्या खेड्यातल्या दलित पोराला कॉलेजचं दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९५० मध्ये, डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला काढलेल्या कॉलेजने. ते पुढे मिलिंद नावाने ओळखलं गेलं.

'धर्म बदलला तर आदिवासी दाखला जातो का?'

इथे ग्रुपवर सर्वांत जास्त गोंधळ असतो. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे: हिंदू, पुढे जोडलेले शीख आणि बौद्ध. ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांना म्हणूनच अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी अट नाही. गोंड ख्रिस्ती झाला तरी कायद्याने गोंडच. 'डी-लिस्टिंग'ची मागणी, म्हणजे धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढा ही मागणी, हा नियम बदला असं सांगते. ती बरोबर की चूक हा वेगळा वाद आहे. पण नियम आधीच तसा आहे असं समजून भांडणारे मी रोज पाहतो.

आश्रमशाळा कुठून आली?

नाव ऐकून ऋषीचा आश्रम डोळ्यांसमोर येतो. खरं मूळ गांधीवाद्यांच्या कामात आहे. ठक्कर बाप्पांनी १९२२ मध्ये दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढलं, तिथून ही निवासी शाळेची कल्पना पसरली. महाराष्ट्रात १९७० च्या दशकात सरकारने ती मोठ्या प्रमाणावर उचलली. आज राज्यात सुमारे ५०० शासकीय आश्रमशाळा आहेत आणि त्याहून थोड्या जास्त, संस्थांनी चालवलेल्या, अनुदानित. किनवट आणि कळमनुरी इथे आदिवासी विकासाची प्रकल्प कार्यालयं आहेत, आपल्या भागाचा कारभार तिथून चालतो.

कल्पनेमागचं गणित सरळ आहे. पोडावर वीस घरं, पहिलीत तीन पोरं, पावसाळ्यात नाला भरला की गुरुजी नाहीत. त्यापेक्षा पोरं एका जागी आणा, जेवू घाला, शिकवा. पोटाची सोय होते ही लहान गोष्ट नाही. आईबाप ऊसतोडीला किंवा कापूस वेचायला गेले तर पोराला निदान ताट मिळतं.

पण सहा वर्षांचं पोर घरापासून तुटतं. रात्री ताप आला तर कोलामीत 'डोकं दुखतं' म्हणून सांगायला जवळ कोणी नसतं. पाद्र्यांची वसतिगृहं आणि आपल्या आश्रमशाळा यांत प्रार्थना सोडली तर रचना एकच: पोराला त्याच्या माणसांपासून बाहेर काढा, मग घडवा. या एका मुद्द्यावर पाद्री, गांधीवादी आणि सरकार यांचं कधी भांडण झाल्याचं दिसत नाही.

'म्हणजे कॅनडात झालं तसंच?'

नाही, आणि ही तुलना जपून करावी. कॅनडात सरकारने कायद्याने सक्ती करून मूलनिवासींची दीड लाखांवर मुलं चर्चच्या निवासी शाळांत घातली. भाषा बोलली म्हणून मारलं, हजारो मुलं तिथेच मेली. २००८ मध्ये तिथल्या सरकारने आणि २०२२ मध्ये पोपनी माफी मागितली. आपल्याकडे तशी सक्ती नव्हती आणि नाही. पोराला न्यायचं की ठेवायचं हे आईबाप ठरवतात. साम्य आहे ते एवढंच, की घरची भाषा शाळेच्या फाटकाबाहेर राहते. तिथे छडी मारून राहिली, इथे कोणी विचारलंच नाही म्हणून.

'गोंडी शिकून पोट भरणार का?'

हा प्रश्न गोंड आईबापच सर्वांत आधी विचारतात, आणि त्यांचं चुकत नाही. त्यांना इंग्रजी शाळा हवी आहे. सरकारही काही आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी शाळांत पाठवतं.

पण घरच्या भाषेत सुरुवात करणं म्हणजे मराठी-इंग्रजी न शिकवणं नव्हे. मारलावाईतही गोंडीने सुरुवात होती, शेवट नव्हता. आधी आपल्या शब्दांत वाचायला शिकायचं, मग तेच कसब मराठीवर चालवायचं. राज्यघटनेचं कलम ३५०-क प्राथमिक वर्गांत मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी असं सांगतं. ते १९५६ चंच आहे, किनवट मराठवाड्यात आलं त्याच वर्षाचं. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही 'शक्य तिथे मातृभाषा' म्हणतो. 'शक्य तिथे' या दोन शब्दांत सगळं अडतं.

'बोलीला लिपी नाही' हे दुसरं कारण ऐकू येतं. मराठी मोडीत चालायची आणि देवनागरीतही चालते, भाषा तीच राहिली. गोंडीच्या तर स्वतःच्या लिप्याही आहेत. त्यांपैकी मसराम आणि गुंजाला या दोन लिप्या आता संगणकावर टंकता येतात. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत ३० लाखांच्या जवळपास होते. कोलामी मात्र सव्वा लाखाच्या थोडी वर, तिची काळजी जास्त. आणि गोंडी आठव्या अनुसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, नाही. तिच्याहून फार कमी लोकांची बोडो २००३ मध्ये तिथे पोहोचली.

गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा सुरू केली. मान्यता नाही म्हणून शिक्षण खात्याची नोटीस आली आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. मराठीसाठी आपण जून २०२५ मध्ये रस्त्यावर येऊन पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय मागे घ्यायला लावले. 'लहान पोरावर परकी भाषा लादू नका' हा तेव्हाचा मुद्दा मला पटला होता, आजही पटतो. मोहगावचे लोकही तोच मुद्दा मांडत होते, फक्त त्यांच्यासाठी परकी भाषा म्हणजे आपली.

माझ्या गुरुजी मित्राने त्या 'नार'नंतर एक वही केली. एका बाजूला मराठी शब्द, समोर पोरांनी सांगितलेला गोंडी शब्द, देवनागरीतच. हायमेनडॉर्फचं नाव त्याने ऐकलेलं नव्हतं. चार वर्षांत तीनेकशे शब्द झाले. आता त्याचं नाव बदलीच्या यादीत आहे. वही तो नव्या गुरुजींच्या हातात देऊन जाणार म्हणतो, पण नवे गुरुजी कोण ते अजून ठरायचं आहे.